फ्रान्सभर पाय अधांतरी

चेलेस्तिनो तोसेल्लो फ्रान्सवर रागावलेला होता. फ्रान्सला याची काही खबर नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण आमच्या इटलीतल्या कूनेओत, कमानींखालच्या बाजारात, कुणालाही विचारा. बूट शिवणाऱ्या तिनोची आणि फ्रान्सची बोलाचाली दुसरी मोठी लढाई संपल्यापासून बंद आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

आणि राग म्हणजे नुसता तोंडदेखला नाही हो. घाटापलीकडून कुणी बूट दुरुस्तीला घेऊन आलं, तर तिनो त्याला दारातच अडवायचा. "बाहेर झटकून आण. तिकडची माती माझ्या दुकानात नको." गिऱ्हाईक बापडं खांबावर बूट आपटत उभं. मग हा आत घेणार, उलटून बघणार आणि म्हणणार, "अजून आहे थोडी."

मूळचा हा माणूस तेंदाचा. घाटाच्या पलीकडचं गाव, डोंगराला चिकटून एकावर एक चढलेली घरं. लढाईनंतर मोठ्या लोकांनी नकाशे मांडले, रेघ इकडची तिकडे केली आणि तेंदावाल्यांना म्हणाले, सांगा बाबांनो, तुम्ही इटलीचे का फ्रान्सचे? मतदान झालं. तिनोची आई तो लहान असतानाच गेलेली. मार्गेरीता नावाच्या थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला, न्हाऊमाखू घातलं, वेळप्रसंगी बडवला. तर या बहिणीनं मत दिलं फ्रान्सला! वर उघड सांगितलंही. "रोमनं आपल्याला काय दिलं? लढाई दिली. हे निदान पीठ देताहेत."

"पिठासाठी गाव विकलंस!" तिनो ओरडला.

"गाव जागेवरच आहे, गाढवा. उघड्या डोळ्यांनी बघ," ती म्हणाली.

त्यावर भांडी आपटली, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि तिनोनं बापाची आरी-हातोडी पेटीत भरून उंबऱ्यावर शपथ घेतली, "या फ्रान्सच्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवीन तर नावाचा तोसेल्लो नाही." मार्गेरीताही त्याच बापाची लेक. ती म्हणाली, "आणि माझा जोडा तुझ्या इटलीच्या पायरीला लागला, तर मीही तोसेल्लो नाही." झालं. एका घरातली दोन माणसं दोन देशांत जाऊन बसली, आणि मधे घाट.

तिनो कूनेओत आला, कमानीखाली दुकान थाटलं, पावाच्या दुकानातल्या एर्नेस्ताशी लग्न केलं. एर्नेस्ता बोलायला फटकळ, पण मनानं लोण्याची. तिला या शपथेचा ताप व्हायला लागला तो मुलीच्या लग्नापासून. मुलगी दिली वेंतिमिल्याला, समुद्रकाठी, पण इटलीतच. तिकडे जायचा सरळ रस्ता घाटातून, तेंदावरून, म्हणजे फ्रान्समधूनच. सगळं कूनेओ बसनं अर्ध्या दिवसात जातं. तिनो मात्र इटलीतल्याच सवोनावरून जाणार. गाड्या बदलत, अख्खा डोंगर वळसा घालून, द्राविडी प्राणायाम करत संध्याकाळी पोचणार आणि लेकीच्या दारात उभा राहून म्हणणार, "प्रवास फार सुखाचा झाला."

एर्नेस्ता बसनं जायची. बस तेंदाला चहा-कॉफीपुरती थांबते. पहिल्याच खेपेला चौकात एक बाई दिसली. एर्नेस्तानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं, पण ते नाक! तेच नाक ती रोज सकाळी उशीवर बघत होती. ती सरळ जाऊन म्हणाली, "मी तिनोची बायको." त्या बाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बिचारी," ती म्हणाली, आणि हात धरून तिला घरी घेऊन गेली. त्या दिवशी बस सुटली, आणि नणंद-भावजयीचं जे जमलं ते जमलंच.

तेव्हापासून बसच्या ड्रायव्हरच्या हाती मार्गेरीताच्या शेळ्यांचं चीज कूनेओत यायला लागलं. तिनो ते कुणाचं हे न विचारता खायचा आणि सुरीनं टेबलावर ठोकून सांगायचा, "याला म्हणतात चीज! हे त्या फ्रेंचांना सात जन्मांत जमायचं नाही." एर्नेस्ता पदरात तोंड लपवावं तशी भांड्यांकडे तोंड करायची.

परतफेड म्हणून एर्नेस्तानं नणंदेच्या पावलांची आकृती कागदावर काढून आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली. "शेजारच्या बोर्गो गावच्या एका विधवेला बूट हवेत. येऊ शकत नाही, पाय अधू आहे."

तिनोनं कागद उचलला. खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डावा अंगठा वाकडा आहे."

"असेल बाई. म्हातारी आहे."

"कातडं मऊ लागेल," तो म्हणाला, आणि कामाला लागला. दर दोन हिवाळ्यांनी बोर्गोच्या विधवेचे बूट व्हायचे. तिनो कुरकुरायचा, की या बाईच्या अंगठ्यापायी माझं अर्धं वासरू संपतं. पण बूट असे व्हायचे की बाजारात हातोहात गेले असते. एर्नेस्ताला वाटायचं, आपण नवऱ्याला काय बनवलं! तिला आतून गुदगुल्या व्हायच्या, आणि मग लगेच वाईटही वाटायचं. कारण मार्गेरीता आता पंच्याहत्तरीला आलेली. थंडीत तिचा खोकला जाईना. त्या दोघांपैकी एक जण खपला, तर उरलेला तोसेल्लो नाक वर करून थडग्यापाशी उभा राहील आणि आतल्या आत कुढून मरेल, हे एर्नेस्ताला लख्ख दिसत होतं.

अशात लढाईत उडवलेले पूल एकदाचे दुरुस्त झाले आणि कूनेओ ते वेंतिमिल्या रेल्वे पुन्हा सुरू झाली. डिझेलची दोन डब्यांची गाडी. लोक नुसते डोंगर बघायला जायला लागले. आणि त्याच वसंतात लेकीला मुलगा झाला. रविवारी बाप्तिस्मा.

"मी रेल्वेनं जाणार," एर्नेस्ता म्हणाली. "माझा गुडघा सवोनाचे जिने चढणार नाही. तू तुझ्या वाटेनं ये. पोचलास तर ठीक, नाही तर नातवाला सांगू, आजोबा सवोनाला गाडी बदलताहेत."

तिनो दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गाडीत बसणं म्हणजे पाय ठेवणं नाही."

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून?"

"पण मी माझी व्यवस्था करणार."

व्यवस्था म्हणजे काय, ते लिमोने स्टेशन गेल्यावर कळलं. पुढे घाटाखालचा लांबलचक बोगदा, आणि त्याच्या पोटात कुठंतरी सरहद्द. तिनोनं बॅग दोन बाकांच्या मधे आडवी केली आणि दोन्ही पाय उचलून तिच्यावर ठेवले.

"अरे, अजून इटलीच आहे," एर्नेस्ता म्हणाली.

"अंधारात काय भरवसा?"

समोर तोरिनोचा एक गृहस्थ बसला होता. गळ्यात कॅमेरा, मांडीवर प्रवासाचं पुस्तक. पायाशी बॅग आल्यामुळे बिचाऱ्यानं आपले गुडघे तिरके केले. "आजोबांचे पाय दुखतात वाटतं?"

"पाय ठणठणीत आहेत. देशभक्ती दुखते," एर्नेस्ता म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "डबा इटलीचा आहे, तिनो. भिंती इटलीच्या, बाक इटलीचं, हा खाली पडलेला कचरासुद्धा इटलीचा. पाय खाली ठेव."

"डबा कशावर आहे?"

"चाकांवर."

"चाकं कशावर?"

"रुळांवर."

"आणि रूळ?"

"बरं. मग तुझं बूड कशावर आहे? ते काय व्हॅटिकनमध्ये आहे?"

"शपथ बुडाची नव्हती," तिनो शांतपणे म्हणाला. "पायाची होती."

तोरिनोच्या गृहस्थानं पुस्तक मिटून ठेवलं. यापुढे पुस्तकात काय असणार होतं?

बोगदा संपला. उजेडाचा लोट आत आला आणि समोर दरी उघडली. खाली नदी फेसाळत होती, कड्यांना चेस्टनटची कोवळी पालवी फुटली होती. तिनोनं डोळे घट्ट मिटून घेतले. पायाचं ठीक आहे, डोळ्यांची शपथ कधी घेतली होतीस, असं एर्नेस्ताच्या ओठांवर आलं होतं. या मार्गावर गाडी डोंगराच्या पोटात शिरते, आतल्या आत गोल फिरते आणि होती त्याच्या खालीच बाहेर पडते. गृहस्थ एकदा डावीकडे धावला, एकदा उजवीकडे. "तो घंटेचा मनोरा आत्ताच इकडे होता! आणि ते खाली दिसतंय ते बहुतेक सान रोक्कोचं देऊळ असावं."

"कसलं सान रोक्को!" तिनोनं डोळे उघडले. "ती कब्रस्तानाची भिंत आहे. देऊळ वरच्या अंगाला. त्याच्या मागं पाणवठा, पाणवठ्याच्या मागं आमचं..." आणि पुन्हा डोळे मिटले.

एर्नेस्तानं हे बघितलं आणि ती खिडकीबाहेर स्टेशन शोधायला लागली. कारण तिनं मार्गेरीताला निरोप धाडला होता. एकेरी रूळ आहेत, समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी तेंदाला थांबते. तू ये. आणि पिशवी भरून ठेव, कोण जाणे. आता तो खाली उतरला तर उतरला, नाहीतर हीच खेप शेवटची.

गाडी थांबली. पाटीवर गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर बदललेलं होतं आणि कर्ण्यातला माणूस तेच नाव नाकातून बोलत होता. "ऐक," तिनो पुटपुटला. "सर्दी झालीय गावाला."

खिडकीसमोर मार्गेरीता उभी होती. काळा झगा, काळा रुमाल, हातात फुगलेली पिशवी, आणि मधोमध ते नाक.

एर्नेस्तानं खिडकी खाली सरकवली. भावानं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं भावाकडे पाहिलं, आणि दोघांनी एकाच वेळी एर्नेस्ताकडे तोंड वळवलं.

"तुझ्या नवऱ्याला विचार, तब्येत कशी आहे," मार्गेरीता म्हणाली.

"सांग तिला, इटलीची हवा मानवली."

"दिसतंय. टक्कल पडलंय."

"सांग तिला, आमच्याकडे टक्कल पडायला सरकारची परवानगी लागत नाही."

"त्याला म्हणावं, पोट मात्र चांगलं सुटलंय. सुटणारच. इतकी वर्षं माझं चीज हादडतोय."

संपलं! एर्नेस्तानं कपाळावर हात मारून घेतला. हे सांगायचं नव्हतं, हे दोघींचं ठरलं होतं. पण तोसेल्लोंना जिंकण्यासाठी जीभ दिलेली आहे, गप्प बसायला नाही. तिनो आता उसळणार, बॅग उचलणार, चालत कूनेओला जाणार, तेही हातांवर, असं तिला वाटलं.

तिनो उसळला नाही. त्याची नजर खाली गेली होती. तो एकटक मार्गेरीताच्या पायांकडे बघत होता.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं. एर्नेस्ताला नव्हे, थेट तिला.

"काय?"

"हे. तुझ्या पायात."

मार्गेरीतानं पायांकडे पाहिलं. जुने, फाटके, एका टाचेला रबराचा तुकडा ठोकलेला. चालताना तो लपक लपक वाजत असावा. "बूट आहेत."

"याला बूट म्हणतात? कोणत्या गाढवानं ठोकलाय हा तळ? रबर! वासराच्या कातड्याला रबर! आणि खिळे बघ, खिळे बाहेर! पायात घुसतील ना!"

तो उठला. बॅग ओलांडून, गृहस्थाच्या गुडघ्यांवरून, दारापर्यंत गेला. एर्नेस्ता श्वास रोखून खिडकीतून वाकली. तो पायरीवर आला, दांडी धरून वाकला, तिथून दिसेना. आणखी वाकला. आणि मग रागाच्या भरात त्याचं भानच सुटलं. तो धप्पकन फलाटावर गुडघ्यांवर आला आणि बहिणीचा डावा पाय त्यानं दोन्ही हातांत धरला.

"या पायाला हे? हा अंगठा असा, आणि त्यावर हे लाकूड? नाताळाआधी मऊ कातड्याचे शिवून दिले ते कुठं गेले? आतून लोकर लावली होती त्यांना!"

मार्गेरीतानं खिडकीतल्या एर्नेस्ताकडे पाहिलं.

"तिनो," एर्नेस्ता खिडकीतून हळूच म्हणाली, "नाताळाआधी कुणाला शिवून दिलेस?"

तिनो अंगठा चाचपत राहिला.

"ते तर बोर्गोच्या विधवेला दिलेस ना?"

"बोर्गोची विधवा!" तो वर न बघता खेकसला. "मला काय खुळा समजतेस? तीन वर्षांचा असताना मी बापाची लोखंडी ऐरण पाडली होती या अंगठ्यावर. हिनं मला मारलं नाही. स्वतः रडत बसली आणि बापाला सांगितलं, माझ्याच हातून पडली. हा अंगठा मी कागदावर ओळखणार नाही? पहिल्या दिवसापासून ओळखला."

एर्नेस्ताचा आ वासलेलाच राहिला. इतकी वर्षं आपण याला बनवतोय म्हणून पोटात गुदगुल्या, आणि हा बाबा मुकाट्यानं लोकर शिवत बसला होता! म्हणजे चीजही... जाऊ दे. ते आता विचारण्यात अर्थ नव्हता.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" मार्गेरीताचा आवाज चिरकला.

"शपथ होती."

"आता कुठं गेली शपथ? कुठं आहेस बघ."

तिनोनं इकडे तिकडे पाहिलं. फलाट, पाटी, नाकात बोलणारा कर्णा. चेहऱ्याचा रंग उतरला. मग त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि सावरला. "गुडघे टेकलेत," तो म्हणाला. "पाय नाही. बुटांची टोकं वर धरलीत मी."

खरंच धरली होती! तोरिनोच्या गृहस्थानं खिडकीतून त्याचा फोटो काढला.

तेवढ्यात समोरची गाडी खडखडत आली आणि बाजूला उभी राहिली. म्हणजे आता ही सुटणार. गार्ड दारातून ओरडला, "आजोबा, प्रार्थना आटपा!" तिनोनं गुडघ्यांवरच सरकायचा प्रयत्न केला. एक वीत सरकला आणि कळवळला.

"ऊठ," मार्गेरीता म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली, वाकली, त्याच्या दोन्ही काखांत हात घातले, लहानपणी पाणवठ्यावरून उचलायची तसेच, आणि खोकत खोकत त्याला उभा केला. तिनो तोसेल्लो आपल्या गावाच्या जमिनीवर दोन पायांवर उभा राहिला. त्याचं नाक लाल झालं होतं.

"ताई," तो म्हणाला.

"चल, हो पुढे. गाडी जाईल."

"तू?"

"माझी शपथ आहे," मार्गेरीता म्हणाली, आणि नाक वर केलं. "माझा जोडा तुझ्या इटलीच्या पायरीला लागणार नाही म्हटलंय मी."

गार्डनं शिटी तोंडात धरली. एर्नेस्ता खिडकीतून ओरडली, "अरे देवा, आता ही सुरू झाली!" पण तिनोच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. शपथ कशी वाचायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो पुन्हा वाकला आणि त्यानं ते भिकार जोडे एकामागून एक तिच्या पायांतून ओढून काढले.

"जोडा म्हणाली होतीस," तो म्हणाला. "पाय नाही."

मार्गेरीतानं एक क्षण विचार केला. मग पिशवी उचलली, झगा आवरला आणि नुसत्या मोज्यांनी इटलीच्या पायरीवर चढली. मागून तिनो, दोन्ही काखांत दोन फाटके बूट. शिटी वाजली.

पुढचं फ्रान्स एर्नेस्तानं रडत आणि हसत काढलं. डोंगराच्या टोकाला लटकलेली घरं गेली, पूल गेले, बोगदे गेले. ते बघायला आलेला गृहस्थ त्यातलं काही बघत नव्हता. तिनोचे पाय खाली फरशीवर होते. बॅगेवर आता मार्गेरीताचे पाय होते, कारण फरशी गार लागत होती. रबराच्या टाचेचे जोडे तिनोनं पुलावरून नदीत फेकायला काढले, तेव्हा मार्गेरीतानं हिसकावून घेतले. "शेळ्यांच्या मागं फिरायला लागतात."

"मग बाप्तिस्म्याला काय, अनवाणी जाणार?"

तिनं पिशवी उघडली. वर चीज होतं, खाली रात्रीचा झगा, बाळाची टोपी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, लोकर लावलेले, मऊ कातड्याचे बूट. एक ओरखडा नव्हता त्यांच्यावर.

"घातलेच नाहीस?"

"घरात घालते. रविवारी. बाहेर खराब होतात. आणि शपथ माझ्या जोड्याची होती, हे तर तुझे."

तिनोनं बूट हातात घेतले, बोटानं शिवण तपासली. मग तिचे पाय मांडीवर घेऊन एकेक चढवायला लागला. डाव्या पायाशी जरा थांबला, अंगठ्यापाशी कातडं दाबून पाहिलं. इतकी वर्षं कागदावर पाय काढून बूट केले होते, गिऱ्हाइकाला साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

"चावतात का?" त्यानं विचारलं.

"नाही रे," मार्गेरीता म्हणाली. "एकदाही नाही चावले."